रायझरवाले दादा

घरगुती म्युझिक प्रोड्यूसर बहुधा आतल्या खोलीत, गाद्यांच्या थप्पीशेजारी आढळतो. गाद्या आवाज शोषतात. त्यामुळे पाहुणे मुक्कामाला आले की त्याचे मिक्सिंग बिघडते. परिसरात तो ‘दादा’ म्हणून ओळखला जातो.

गाण्याशी त्याचे फारसे देणेघेणे नसते. त्याचा जीव सांध्यांत. मुखडा संपून पीस लागतो, पीस संपून अंतरा येतो, तिथल्या चार मात्रांसाठी तो रात्र जागवतो. साधने ठरलेली असतात. व्हाइट नॉइज घेऊन त्यावरचा फिल्टर हळूहळू उघडत नेला की रायझर तयार होतो. ऐकणाऱ्याला कुकरची शिट्टी आता होईल, मग होईल असे वाटत राहते. क्रॅश झांज उलटी वाजवली की तिची शेपटी आधी येते आणि आवाज फुगत जाऊन समेवर आपटतो. स्नेअरचा रोल मात्रेला एक, मग दोन, मग चार असा दाटत जातो. राहिला सर्वांत गुणकारी उपाय: शेवटच्या मात्रेला किक आणि बास काढून घेणे. क्षणभर पोकळी झाली की पुढचा ठोका आपोआप वजनदार लागतो. पण याला काहीच डाउनलोड करावे लागत नाही, म्हणून दादांच्या लेखी त्याला किंमत नाही.

एका सांध्याला यांतले एखादे पुरते. दादा सगळी वापरतात, अगदी पाळण्यालासुद्धा. अंतरा येईतो बाळ उठून बसलेले असते.

तबलजी हेच काम तिहाईने उरकतो. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा नोटेशन लिहून ते व्हायोलिनच्या ताफ्याकडून करून घेत. दादांना हे ठाऊक असते. “भारीच होतं ते,” ते कबूल करतात, “पण एनर्जी नव्हती.”

गायिका भीतभीत म्हणते, “दादा, माझी शेवटची ओळ ऐकू येत नाही.”

“ताई, आहे ती. रिव्हर्बमध्ये आहे.”

पुढे गाणे मंडळाच्या डीजेकडे जाते. हुकलाइन संपताच तो दुसरे गाणे लावतो. रात्र जागवलेला सांधा वाजतच नाही. दादा खचत नाहीत. पुढच्या गाण्यात ते रायझर पहिल्याच सेकंदाला टाकतात, मुखड्याच्याही आधी.