आधी वेलांटी, मग अक्षर

अण्णांना कॉम्प्युटर घ्यायचा हे आम्ही गेल्या दिवाळीत ठरवलं. मोबाइल आहे त्यांच्याकडे. पण सातबारा उघडला की ते दोन बोटांनी ताणतात, मग गट नंबर दिसतो तर नाव दिसत नाही, नाव सापडलं की क्षेत्र पडद्याबाहेर पळतं. "असं पळपुटं शेत मी उभ्या जन्मात बघितलं नाही," म्हणून मोबाइल उशीखाली जातो.

आमचं घर अंकुशनगरात. अंबड तालुक्यात, महाकाळ्याच्या शेजारी, समर्थ साखर कारखान्याच्या आधाराने वाढलेली ही वस्ती. इथे अजूनही घड्याळापेक्षा भोंग्यावर भरवसा जास्त. अण्णांची नोकरी कारखान्याच्या ऑफिसातच गेली, टंकलेखक म्हणून. निवृत्तीनंतर पेन्शनचे कागद, पीकविमा, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज, एवढंच काय ते काम. एवढ्या कामाला स्वस्तातला, पण रडणारा नसलेला कॉम्प्युटर हवा होता.

मी नोकरीच्या गावी बसून पंधरा दिवस अभ्यास केला. नवा कोरा घेण्यापेक्षा कंपन्यांतून निघालेला, नीट करून विकलेला डबा परवडतो, हे लवकरच कळलं. अट दोनच गोष्टींची. एक, हार्डडिस्कऐवजी एसएसडी. जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी गरगर फिरते आणि सुई तिच्यावर फाइल हुडकते. रेकॉर्ड रूममधला शिपाई शिडी लावून गठ्ठे उपसतो ना, तसं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तीच लावली तर जुनं यंत्रही तरणं होतं. दुसरी अट, इंटेलचा प्रोसेसर निदान आठव्या पिढीचा. विंडोज टेनचा फुकटचा सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज इलेव्हन त्याहून जुन्या पिढ्यांना रीतसर दारात उभं करत नाही. एक दुकानदार मला सहावी पिढी गळ्यात मारत होता, "काकांना काय कळतंय" म्हणत. हे मी अण्णांना फोनवर सांगितलं.

"आठवी पिढी?" अण्णा म्हणाले. "आपल्या घराण्यातली चौथी सांगता येईना मला."

आठ जीबी रॅम, बावीस इंची पडदा आणि वीज गेली तर काम जपून बंद करता येईल एवढा यूपीएस. आईने फक्त आकार विचारला, कारण वर टाकायचं कापड तिने आधीच बेतून ठेवलं होतं.

सगळं जोडून झालं. मी विजयी मुद्रेने बाजूला झालो. अण्णा खुर्ची सरसावून बसले, पाठ ताठ, कोपरं अंगालगत, आणि पडद्याकडे न बघता त्यांनी "मा." पासून सुरुवात केली. पडद्यावर भलतंच काहीतरी उमटलं.

"यंत्र बाद आहे रे," अण्णा शांतपणे म्हणाले.

बाद यंत्र नव्हतं, बाद माझा अभ्यास होता. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आराखडा मी चालू करून दिला होता. त्यात क इंग्रजी के च्या कळेवर. अण्णांची बोटं रेमिंग्टनच्या टाइपरायटरवर घडलेली, त्यांचा क डी वर. र तेवढा दोन्हीकडे जे वर. सोयरिकीत एखादा माणूस दोन्हीकडचा निघावा तसा. ऱ्हस्व वेलांटीचीही गंमतच. दोन्हीकडे ती एफ वर, पण इनस्क्रिप्टमध्ये आधी अक्षर आणि मग वेलांटी; टाइपरायटरवर आधी वेलांटी, मग अक्षर, कारण कागदावर ती डावीकडे, आधी दिसते.

"पण अण्णा, उच्चार आधी अक्षराचाच होतो ना?"

"उच्चार तोंडाने करायचा. टाइप हाताने करायचं असतं."

या वाक्यापुढे मला काही सुचलं नाही. मराठी टायपिंगची, मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा पास झालेली बोटं होती ती. मी आयुष्यभर दोन बोटांनी टिकटिकणारा. प्रोसेसरच्या पिढ्या मी तोंडपाठ केल्या, आणि ज्या हातांसाठी हे सगळं चाललं होतं त्यांना काही विचारलंच नाही. शेवटी रात्री बसून रेमिंग्टनचा आराखडा टाकला. अक्षरं युनिकोडचीच उमटतात, कळा मात्र जुन्या. वेलांटी आधी दाबली तर ती बिचारी अक्षर येईपर्यंत थांबते.

सकाळी अण्णांनी पुन्हा सुरुवात केली, आणि माझ्या डोळ्यांदेखत अर्ज धावायला लागला. दोन-तीन ओळींनंतर मात्र ते थबकले.

"ओळ संपली कळणार कसं? घंटी वाजत नाही."

"ती आपोआप खाली जाते."

"आपोआप," अण्णा पुटपुटले. त्या शब्दावर त्यांचा जन्मात कधी विश्वास नव्हता.

आता रोज जेवणाआधी कुणी ना कुणी येतं. ऑफिसातले जुने सहकारी, ऊसतोडीचे हिशेब घेऊन मुकादम, एकदा तर शाळेतली पोरगी निबंध घेऊन. अण्णा चष्मा पुसतात, "बस" म्हणतात, किती प्रती हव्यात ते विचारतात. प्रिंटर नाही आमच्याकडे. प्रती किती हव्यात, हे ते तरीही विचारतात.

परवा मी शेजारी बसलो होतो. वाक्य अर्ध्यावर असताना भोंगा झाला. अण्णांनी कळांवरून हात उचलले, आईने बेतलेलं कापड पडद्यावर ओढलं आणि ते हात धुवायला गेले.