आधी श्रद्धांजली, मग चौकशी

नोव्हेंबर २०२२. पुण्यात अभिनेते विक्रम गोखले रुग्णालयात मृत्यूशी झुंजत होते आणि इकडे मोबाइलवर त्यांना श्रद्धांजली वाहूनही झाली होती. ‘ते हयात आहेत’ असा खुलासा घरच्यांना करावा लागला. ते गेले २६ तारखेला. तयार मजकुरात तारीख तेवढी बदलायची राहिली असणार.

पूर्वी छापील चुकीची दुरुस्ती आतल्या पानावर, कोपऱ्यात का होईना, येत असे. आता मथळा गुपचूप बदलला की पाप धुतलं. वाचकाचा स्क्रीनशॉट तेवढा गंगेला जात नाही.

२०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार डिजिटल बातमीवरची तक्रार १५ दिवसांत निकाली काढायची. माणसाला मारायला मात्र १५ सेकंद पुरतात. आचारसंहिता आहेच हो. ‘सूत्रांनी’ ती वाचलेली नाही, एवढंच!