एका पट्टीची मिसल

चंद्रपूर-गडचिरोलीकडील माणसाने शिडाची नाव बाळगली आहे, हे ऐकून पुण्या-मुंबईची मंडळी प्रथम हसतात आणि मग, आपले हसणे अशिष्ट ठरेल की काय अशी शंका येऊन, वाघांची चौकशी करू लागतात. वाघ आहेत, ताडोबात आहेत, ब्रह्मपुरीच्या धानाच्या बांध्यांतही आहेत, परंतु ह्या प्रदेशात नद्याही आहेत, ही गोष्ट त्यांच्या ध्यानी आणून देताना माझी दमछाक होते. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्यापाशी एकत्र येऊन प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते आणि पुढे सोमनूरला इंद्रावतीही त्या कुटुंबात दाखल होते. इतक्या जलसंपत्तीवर एकही शीड नसावे, ही माझ्या भाच्यास निसर्गाची नव्हे तर आमच्या घराण्याची उणीव वाटली, आणि मुंबईच्या बंदरात चार वर्षे नोकरी करून परतताच त्याने घाटावरच्या आमच्या जुन्या फळ्यांच्या नावेत एक डोलकाठी उभी केली.

असा उत्साह ह्या नदीने पूर्वीही पाहिला आहे. एकोणिसाव्या शतकात सर आर्थर कॉटन ह्यांच्यासारख्या अभियंत्यांच्या प्रेरणेने गोदावरी-प्राणहितेच्या मार्गे थेट वर्धेपर्यंत जलवाहतूक चालविण्याची भव्य योजना सरकारने हाती घेतली होती, आणि आज ज्या सिरोंच्यास पोहोचण्यापूर्वी प्रवाशाची हाडे मोजून होतात, ते सिरोंचा तेव्हा अप्पर गोदावरी नावाच्या स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे होते. नदीत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. त्यांपैकी तिसरा आमच्या अहेरीकडील देवलमारीजवळचा. कालवे खोदले, बंधारे घातले, अहवाल छापले, आणि १८७१ च्या सुमारास सरकारने ती योजना गुंडाळली. खडक जागेवरच राहिले. भाच्यास मी हा इतिहास सविस्तर सांगितला, त्याने तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, “मामा, त्यांच्याजवळ वारा ओळखणारा माणूस नव्हता.”

आता मूळ प्रकरणाकडे वळतो. नावेच्या दोन्ही काठांस बाहेरच्या अंगाने एक जाड लाकडी पट्टी ठोकलेली असते. घाटाचा दगड, शेजारचा डोंगा आणि नावाड्याचा बांबू ह्यांच्याशी जे काही घर्षण व्हावयाचे ते तिने सोसावे आणि आतल्या फळ्या सुखरूप राहाव्यात, एवढेच तिचे नेमलेले काम. महसूल खात्यात अव्वल कारकुनाचे जे काम असते तेच हे, आणि त्या हुद्द्यावर सारी हयात घालविल्यामुळे मला ह्या पट्टीविषयी आरंभापासून एक प्रकारचा बंधुभाव वाटत आला आहे. आमची पट्टी झिजून झिजून काही ठिकाणी नुसत्या खिळ्यांच्या माथ्यांपुरती उरली होती. ती बदलावी ह्याविषयी दुमत नव्हते. कशाने बदलावी ह्याविषयी मात्र घाटावर जितकी माणसे तितकी मते पडली.

पहिला हक्क अर्थातच सागाचा. सागाच्या अंगी तेल असते, त्यास वाळवी सहसा शिवत नाही, तो पाण्यात फारसा फुगत नाही आणि उन्हात फारसा पिळवटत नाही. १८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया ह्यांनी मलबारी सागाची जी ‘ट्रिंकोमाली’ नावाची युद्धनौका बांधली, ती इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभी आहे. शिवाय साग आमच्या घरचा. अहेरी जमीनदारीच्या रानातील साग एके काळी ह्याच नद्यांतून राजमहेंद्रीकडे तरंगत जात असे; आलापल्लीच्या वनवैभवातील जुने सागवृक्ष जैवविविधता वारसास्थळ म्हणून २०१४ साली अधिसूचित झाले; आणि मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी आमच्या बल्लारपूर-आलापल्लीकडचे सागवान वाजतगाजत मिरवणुकीने रवाना झाले. तेव्हा प्रत्यक्ष रामरायाच्या दारास जे लाकूड मिळाले त्याच्या अठरा अठरा फुटांच्या दोन पट्ट्या ह्या पामरास मिळण्यास कोणती हरकत असावी, असे मला वाटले.

हरकत एकच नव्हती. सरकारी आगारात साग लिलावाने विकला जातो आणि लिलाव थप्पीचा होतो. दोन पट्ट्यांसाठी थप्पी घेणे म्हणजे उरलेल्या लाकडाचा वाडा बांधणे भाग होते. माझ्या स्वतःच्या बांधावर एक साग उभा आहे, परंतु तो माझा असला तरी माझ्या स्वाधीन नाही: सातबाऱ्यावरील नोंद, हद्दीची मोजणी, तोडीची परवानगी, हातोड्याचा शिक्का आणि वाहतुकीचा परवाना ह्या पंचायतनाची यथासांग पूजा झाल्यावाचून त्याच्या फांदीसही हात लावता येत नाही. अर्ज केला. तो ‘त्रुटीपूर्तीस्तव परत’ असा शेरा मिळवून आला. हा शेरा मी आयुष्यभर इतरांच्या अर्जांवर इतक्या सुबक अक्षरात लिहीत आलो होतो की, ह्या नवशिक्या कारकुनाच्या हस्ताक्षराबद्दल मला प्रथम खेद झाला आणि मजकुराबद्दल मागाहून.

बाजारात चिरलेला साग पावतीसह मिळतो, हे खरे. परंतु तो दारे-खिडक्यांच्या मापाचा, सात-आठ फुटी. मिस्त्री म्हणाला, तिरकस सांधा घालू. सांधा पक्का धरावयाचा तर त्याची लांबी पट्टीच्या जाडीच्या निदान आठपट हवी, आणि असे दोन सांधे प्रत्येक बाजूस घालून, शिवाय नावेच्या बाकाप्रमाणे पट्टी वळवून घेण्याची मजुरी त्याने जी सांगितली, ती ऐकून भाच्याने शिडाची दोरी हातातून सोडली. मला विचाराल तर, जी वस्तू झिजण्यासाठीच नेमली आहे ती इतकी उंची असू नये की, ती झिजताना पाहून धनीही तिच्याबरोबर झिजू लागेल.

घाटावरच्या एका निवृत्त नाकेदारांनी मग जंगलाची सगळी यादी वाचली. धावडा चिवट; कुऱ्हाडीच्या दांड्यास आणि गाडीच्या कण्यास त्याच्यासारखे लाकूड नाही; परंतु वाळताना तडकतो आणि जड इतका की नाव एका अंगास कलावी. ऐन मजबूत, पण त्यात टॅनिन भरपूर. लोखंडी खिळा ठोकला की ओलसरपणात लाकूड खिळ्याभोवती काळे पडून कुजत जाते. एका परगावच्या पाहुण्याने मोहाचे नाव सुचविले, तेव्हा घाटावर अशी शांतता पसरली की त्याने आपण होऊन विषय बदलला. मोहाचे झाड नावेच्या पट्टीसाठी तोडावे, असे ह्या जिल्ह्यात शुद्धीवर असलेला मनुष्य म्हणत नाही. आणि शुद्धीवर नसलेला तर मुळीच म्हणणार नाही.

भाच्याचे मत आधुनिक होते. त्याने तुषार-सिंचनाची काळी प्लास्टिकची नळी उभी चिरून काठावर बसविण्याचा प्रस्ताव मांडला. स्वस्त, हलकी, न कुजणारी: वकीलपत्र उत्तम होते. परंतु आमच्याकडे मे महिन्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर सहज जातो, आणि ह्या जातीचे प्लास्टिक तीस अंशांच्या फरकाने अठरा फुटांत सुमारे एक इंच वाढते, लाकूड मात्र जवळजवळ जागचे हलत नाही. पहाटे घट्ट बसविलेली नळी दुपारी सापासारखी वळवळून सुटलेली आढळली. ट्रकच्या टायरचेही तुकडे लावून पाहिले. टायर धक्का उत्तम खातो. परंतु त्याच्या पोकळीत पाणी साचून डासांची वसाहत होते, आणि आमच्या जिल्ह्यात डासांना आणखी सवलती देण्याची आवश्यकता नाही. शिवाय धोतरावर त्याचा जो काळा शिक्का उमटतो तो वनखात्याच्या हातोड्याहून टिकाऊ असतो.

ही सारी चर्चा चालू असताना आमचा म्हातारा ढिवर नावाडी काठावर बसून एक कटांग बांबू उभा फोडत होता. “साहेब, पट्टी त झिजासाठीच अस्ते,” तो म्हणाला. “ते नाई झिजन त नाव झिजन जी.”

बांबूच्या बाजूने कागदपत्रेही अनपेक्षितपणे अनुकूल निघाली. वनाबाहेर वाढलेल्या बांबूस वृक्षाच्या व्याख्येतून कायद्याने २०१७ साली मुक्त केले आहे. आणि धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने तर त्याआधीच, एप्रिल २०११ मध्ये, तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश ह्यांच्या हस्ते वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती घेऊन, गावच्या वनातील बांबू स्वतः विकण्याचा अधिकार देशात प्रथम बजावला होता. ज्या दफ्तरात मी केस पांढरे केले त्याच्या दृष्टीने, परवान्याचे पुस्तक रयतेच्या हाती जाणे ही गोष्ट भूकंपाहून लहान नव्हे. मला स्वतःला तिचा आनंद झाला, हे येथे नमूद करतो.

अठरा फूट बांबू अखंड मिळतो. सांधा नाही, मजुरी नाही, मिसल नाही. पावसाळा संपल्यावर तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला की त्यातील पिष्ट धुऊन जाते आणि घुणास त्यात रस उरत नाही. मग तो उभा फोडावा, आतील पेऱ्यांचे पडदे पटाशीने काढावेत, आणि गुळगुळीत पाठ बाहेर ठेवून काठावर बसवावा. भोके आधी गिरमिटाने पाडून घ्यावीत, नाही तर तो चिरतो. दर दिवाळीनंतर नवा लावावा. टिकाऊपणात साग श्रेष्ठ, ह्यात वाद नाही. पण आमच्या घाटासाठी निकाल बांबूच्या बाजूने दिला आहे, आणि त्यावर अपील चालणार नाही.

अडचण एवढीच उरली आहे की पट्टीचे लोखंडी स्क्रू गंजतात आणि तीन इंची पितळी स्क्रू इकडे मिळत नाहीत. तरी वाचकांपैकी कोणी नागपूरहून सिरोंच्याकडे येणार असल्यास त्यांनी चार डझन घेऊन यावेत. पैसे घाटावर रोख मिळतील, आणि वारा असल्यास शिडाची फेरीही मिळेल.