राजबिंडा नायक आणि कुकरची शिट्टी

माझ्या कथांमधले नायक फार संयमी असतात, असं एका संपादकांनी कौतुकाने कळवलं. नायिकेची बट सारायला हात पुढे जातो आणि मध्येच थबकतो. अशी सूचकता हल्ली दुर्मीळ, वगैरे. मी आभार मानले. हात थबकतो त्याच क्षणी बाथरूममधून "आई, झालीऽऽ!" अशी हाक आलेली असते, आणि चिरंजिवांना धुऊन-पुसून मी परत येईपर्यंत नायकाचा आवेग ओसरलेला असतो, हे त्यांना कशाला सांगा!

आम्ही ठाण्यात कोलशेत रोडला राहतो. एकेकाळी इथे कारखाने होते, आता टॉवर आहेत. प्रेमाला वातावरण हवं म्हणून एका जोडीला सूर्यास्ताच्या वेळी खाडीवर, विसर्जन घाटापाशी पाठवलं. संध्याकाळी तिथे कोण भेटतं? डास. नायिकेने दोन वाक्यांत होकार उरकला तो त्यामुळे. दुसऱ्या कथेतला नायक तिला गाठायला ठाणे स्टेशनकडे निघाला, तो कापूरबावडीलाच अडकला. शेवटी तिची गाडी मलाच लेट करावी लागली.

ना. सी. फडक्यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून कथा-कादंबरीचं तंत्र शिकवून ठेवलंय. पण पात्रांचं भांडण ऐन रंगात असताना, रात्री साडेनऊला, "आई, उद्या शाळेत आइस्क्रीमच्या काड्या न्यायच्यात" असं कोणी म्हटलं तर काय करायचं, यावर मला तरी त्यात प्रकरण सापडलं नाही. प्रेमकथा बोहल्यावर संपते. लेखिकेचं सगळं त्यानंतर सुरू झालेलं असतं.

आईने लिहिण्याला कोणाची हरकत नसते. बालगीतं लिही, पाककृती लिही. प्रेमकथा म्हटलं की सोसायटीतल्या बायका आधी माझ्या नवऱ्याकडे निरखून बघतात. तो बिचारा टँकरच्या बिलावर वाद घालत असतो. मग मी साळूबाई तांबवेकरांना पुढे करते. त्यांचं 'चंद्रप्रभाविरहवर्णन' १८७३ सालचं. मराठी बाईची पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात, आणि त्या नावातच विरह! डॉ. सुमती क्षेत्रमाडे दवाखाना सांभाळून 'महाश्वेता' लिहू शकल्या. रत्नागिरीच्या डॉ. कुसुम अभ्यंकर तर डॉक्टर, आमदार आणि कादंबरीकार. मला एक कुकर सांभाळायचा असतो, एवढंच.

वाचनाचं त्याहून अवघड. हातात पुस्तक दिसलं की आई रिकामी आहे असं घरात सर्वानुमते ठरतं. मोबाइल दिसला तर ऑफिसचं काम. म्हणून प्रेमकथा मी मोबाइलवर वाचते, कपाळाला आठी घालून. नायक गुडघ्यावर बसला की आठी आणखी खोल.

हे छान चाललं होतं, पण चिरंजीव वाचायला शिकले. एका दुपारी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या, मी दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी, आणि माझा अर्धवट मजकूर टेबलावर उघडा. खड्या आवाजात सुरू झालं, "त्या-ने ति-चा हा-त हा-ता-त घे-त-ला." मी धावले. सासूबाईंनी शेंगेतून नजरही न उचलता मला हातानेच थांबवलं. "वाचू दे. जोडाक्षरं सुधारतील."

जोडाक्षरं सुधारत गेली. प्रेमपत्राच्या पानाशी मजकूर संपला तेव्हा दोघांनी एकदमच विचारलं, "पुढे?" असे वाचक नशिबाने मिळतात. पुढे मी लिहिलंच नव्हतं.

सासूबाईंनी मटाराचं भांडं बाजूला ठेवलं आणि समीक्षा सांगितली. "तुझा नायक दिसायला राजबिंडा आहे, पण नुसता बघत बसतो गं. ती मघापासून स्वयंपाकघरात आहे, कुकरच्या शिट्ट्या होतायत. उठून गॅस बंद करायला काय होतं त्याला?"

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी नायकाला उठवलं. त्याने गॅस बंद केला, पोळ्या डब्यात भरल्या, ओटाही पुसला. बट सारायला त्याला सवडच मिळाली नाही. माझ्या कुठल्याही कथेला आली नव्हती इतकी पत्रं या कथेला आली, झाडून सगळी बायकांची. नवऱ्यानेही वाचली. त्याच्या मते कथा बरी आहे, फक्त नायक अगदीच अवास्तव वाटतो.