पटकथादा

कलकत्त्यात न विकल्या गेलेल्या पटकथेचा मालक ओळखायला फार अक्कल लागत नाही. त्याच्या काखेत लाल खारव्याची वही असते, पूर्वी पेढीवर हिशेबाला असायची तसली. सत्यजित राय आपल्या पटकथा असल्याच वह्यांतून लिहीत आणि जोडीला पात्रांची, पोशाखांची चित्रं काढत, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तेव्हा पटकथा लिहायची म्हणजे आधी वही घ्यायची. आमच्या पटकथादांनीही घेतली. चित्रंही काढून पाहिली. पण नायिका कोणती आणि ट्राम कोणती हे पाहणाऱ्याला कळेना, तेव्हापासून ते चित्राखाली नाव घालतात.

पटकथादा हे नाव हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात कोणीतरी ठेवलं आणि चिकटलं. मूळचं घराणं सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडचं. त्या भागातली गलाईवाली मंडळी भट्टी आणि मूस घेऊन हिंदुस्थानभर पसरली, त्यातली एक पाती बौबाजारात येऊन सोनं गाळू लागली. तिघा भावांतले दोघे अजून भट्टीपाशी बसतात. तिसऱ्याने वही उचलली. थोरले भाऊ स्वभावाने गरीब, पण कधीमधी विचारतात, "सोनं मुशीत घातलं की तासाभरात कळतं किती निघालं. तुझ्या वहीचा कस कधी लागायचा रे?"

पटकथादा यावर चिडत नाहीत. उमेद टिकवणं ही कला असेल तर ते तिचे वस्ताद आहेत. इतर लोक थोरांची चरित्रं शेवटपर्यंत वाचतात. पटकथादा फक्त सुरुवातीची प्रकरणं वाचतात, जिथे सगळे नाही म्हणत असतात. 'पथेर पांचाली'साठी निर्माते मिळेनात, रायबाबूंनी विमा गहाण टाकला, बायकोचे दागिने गेले, पैशांअभावी शूटिंग महिनोन्‌महिने बंद पडलं, हे सगळं ते रात्रभर सांगू शकतात. १९५५ साली तो सिनेमा बसुश्रीला लागला, तिथे त्यांची गोष्ट संपते. बसुश्री महाराष्ट्र निवासापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हा ते स्वतःच्या बाजूचा पुरावा मानतात.

मी एकदा म्हटलं, "दादा, पण 'पथेर पांचाली'ची बांधलेली पटकथा अशी नव्हतीच म्हणे. टिपणं होती आणि रेखाटनं."

"म्हणजे बघा," पटकथादा म्हणाले, "माझी तयारी त्यांच्यापेक्षा जास्तच आहे!"

त्यांनीही विमा गहाण ठेवायची तयारी दाखवली होती. वहिनींनी शांतपणे सांगितलं की हप्ते त्यांच्या पगारातून जातात आणि पॉलिसी त्यांच्या नावावर आहे. दागिन्यांचा विषय तर त्या घरात काढायची सोयच नाही. थोरले भाऊ आधी वजन विचारतात.

पटकथादा टॉलीगंजच्या सिनेमा स्टुडिओंत मेट्रोने जातात. तिथल्या स्टेशनाला महानायक उत्तमकुमारांचं नाव आहे. याच उत्तमकुमारांचे सुरुवातीचे सिनेमे असे धडाधड पडले की स्टुडिओत त्यांना 'फ्लॉप मास्टर जनरल' म्हणत. जिना चढताना पटकथादा ही हकिकत सोबत्याला ऐकवतात, सोबती नसेल तर तिकीट तपासणाऱ्याला. मराठी माणसाचं इथे काय चालणार, असं कोणी म्हटलंच तर तनुजाबाईंचं उदाहरण तयार असतं. त्या उत्तमकुमारांबरोबर 'देया नेया' (१९६३) आणि 'अँटनी फिरिंगी' (१९६७) करून गेल्या. एवढ्यावर न भागल्यास ऋत्विक घटक. घटकांचा 'नागरिक' १९५२ मध्ये तयार झाला आणि थिएटरात लागला १९७७ मध्ये. "पंचवीस वर्षं!" पटकथादा हर्षाने सांगतात. "त्या हिशेबाने मला अजून भरपूर वेळ आहे."

"घटक १९७६ला वारले," वहिनी स्वयंपाकघरातून आठवण करून देतात.

आता व्यवहाराचं सांगतो. सिनेमाच्या धंद्यात पटकथा कोणी वाचत नाही, ऐकतात. त्याला नॅरेशन म्हणतात. पटकथादांचं नॅरेशन पूर्ण पावणेतीन तासांचं असतं, मध्यंतरासकट. पाऊस, घोडे, दाराची कडी, सगळे आवाज ते तोंडाने काढतात; नायिका मरते तेव्हा स्वतः रडतात आणि चष्मा पुसायला थांबतात. निर्माते मुळात भले लोक. मातीच्या भांडात चहा पाजतात, सिंगाडा म्हणजे समोसा खिलवतात आणि शेवटी "देखछि", म्हणजे बघतो, म्हणतात. एवढ्या गोड नकारावर माणूस दोन वर्षं सहज काढतो. मुंबईचा माणूस फोनच उचलत नाही, त्यामुळे तिथे लवकर शहाणपण येतं. इथे ती सोय नाही.

टॉलीगंजमध्ये कोणी ऐकायला नसेल तेव्हा महाराष्ट्र निवासात उतरलेले पाहुणे सापडतात. दक्षिणेश्वर आणि बेलूर मठ करून दमलेल्या ठाण्याच्या एका जोडप्याने बोलण्याच्या ओघात सांगितलं, की त्यांच्या सोसायटीत मालिकेत लायटिंग करणारा एक मुलगा राहतो. बिचाऱ्यांचं गंगासागर राहिलं.

वही मात्र ते कोणाच्या हातात देत नाहीत. रायबाबूंनी १९६७मध्ये 'द एलियन' लिहिला, हॉलिवूडच्या कोलंबिया कंपनीपर्यंत नेला. त्याच्या प्रती तिकडे हातोहात फिरल्या, सिनेमा काही झाला नाही, आणि १९८२ साली स्पीलबर्गचा 'ई. टी.' आला तेव्हा साम्याची बरीच चर्चा झाली. स्पीलबर्गने आरोप नाकारला. पटकथादांनी तो नकार स्वीकारलेला नाही. हाजरा मोडच्या ट्रॅफिकमधून स्पीलबर्ग तुमच्या वहीसाठी कशाला येईल, असं विचारलं तर ते खालच्या आवाजात म्हणतात, "तो स्वतः येत नाही." महाराष्ट्र निवासातल्या एका वकिलांनी त्यांना सुप्रीम कोर्टाचा १९७८चा आर. जी. आनंद यांचा निकाल समजावून सांगितला. आनंदांनी आपल्या नाटकावरून 'न्यू दिल्ली' सिनेमा बेतला अशी फिर्याद केली होती. कोर्टाने सांगितलं की नुसत्या कल्पनेवर कोणाचा मालकी हक्क नसतो, आणि आनंद हरले. त्या रात्री पटकथादांना झोप आली नाही. सकाळी त्यांनी वहीतली शेवटची वीस पानं फाडून वहिनींच्या कपाटात, साड्यांखाली ठेवली. तेव्हापासून ते शेवट नसलेली पटकथा विकतात.

पहिली पटकथा ट्राम कंडक्टरच्या प्रेमाची. सुरुवातीला त्यात नायिका पोस्टकार्ड पाठवायची. मग तिला फोन घेऊन दिला, मग मोबाइल, आता ती निळ्या टिकांकडे पाहत बसते. पिवळी अँबॅसडर होती. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ला बंद झाला, तेव्हा पटकथादांनी तिला दुसऱ्या अंकातून पहिल्यात आणलं, लवकर दिसावी म्हणून. 'पथेर पांचाली'च्या नावात रस्ता आहे म्हणून सरकारने त्याचा पैसा रस्तेसुधारणेच्या खात्यात दाखवला, असं सांगतात; ते ऐकून पटकथादांनी आपला अर्ज परिवहन खात्याकडे धाडला. २०२४च्या सप्टेंबरात मंत्र्यांनी जाहीर केलं की मैदान ते एस्प्लनेड एवढा तुकडा वगळता ट्राम बंद. हा आपल्या अर्जाचा परिणाम नाही, हे त्यांना पटवता पटवता आमचे आठ दिवस गेले. निर्माता म्हणाला, "दादा, आता हा ऐतिहासिक सिनेमा झाला. खर्च वाढला."

मग ऐतिहासिकच घ्यावा, असं त्यांनी ठरवलं. विषय काढला बर्गींचा, म्हणजे बंगालवर चालून गेलेल्या मराठा घोडेस्वारांचा. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या भास्करराम कोल्हटकरांनी १७४२ साली बंगालवर घोडी घातली. अलीवर्दी खानाने १७४४मध्ये बोलणी करायला म्हणून तंबूत बोलावून त्यांना दग्याने मारलं. मराठ्यांच्या धास्तीने इंग्रजांनी कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला. मराठे कलकत्त्यात आलेच नाहीत आणि खंदकही पुरा झाला नाही. मागे राहिली ती बागबाजारातली मराठा डिच लेन. विषय झकास, यात वाद नाही. फक्त पटकथादांनी नायक केला भास्करपंतांना, आणि नॅरेशन दिलं अशा गावात जिथे आया पोरांना अजून बर्गींची भीती घालून निजवतात. एका वयस्कर निर्मात्याने मध्यंतरापर्यंत ऐकलं आणि हात जोडून विचारलं, "सगळं ठीक आहे, पण गावं जाळतोय तो हिरो कसा?"

"हिशेबाने चौथाईच मागतोय की!" पटकथादा म्हणाले. त्या दिवशी चहा आला, सिंगाडा आला नाही.

आणि गेल्या रथयात्रेला आक्रीत झालं. जात्रा म्हणजे इथलं फिरतं लोकनाट्य; त्याच्या कंपन्यांची नव्या हंगामाची बुकिंगं रथाच्या दिवशी सुरू होतात. चितपूरला मालकांच्या गद्दीवर पेढे आणि पोस्टर यांची एकच गर्दी असते. पटकथादा तिथे कोणाच्या तरी सोबतीला गेले होते. एका मालकाने चार वाक्यं ऐकली, भास्कर पंडित खलनायक, घोड्याऐवजी टापांची ढोलकी, आगीला लाल दिवे, एवढं ठरवलं, टेबलाच्या खणातून अ‍ॅडव्हान्स काढला आणि पावतीवर सही घेतली. दहा मिनिटं.

पटकथादा घरी आले ते सुतक पडल्यासारखे. वहिनींनी पाणी दिलं.

"त्याने वाचलंच नाही," ते म्हणाले. "ऐकलंसुद्धा नाही धड. सरळ हो म्हणाला! इतक्या पटकन हो म्हणणाऱ्या माणसाला नाटक-सिनेमातलं काय कळणार?"

रात्रभर तळमळले. सकाळी उठून चितपूरला जाऊन अ‍ॅडव्हान्स परत देऊन आले. मालकाने खूप आग्रह केला, बर्गींना थोडा चांगुलपणा घालतो म्हणाला, पण पटकथादा बधले नाहीत. थोरल्या भावांनी भट्टी विझवून दुपारी घर गाठलं आणि प्रथमच आवाज चढवला. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, पैसे दिलेत तर पावती परत घेतली का त्यांनी?

"छे," पटकथादा म्हणाले, आणि वहीच्या पहिल्या पानावर ती चिकटवायला डिंक शोधू लागले. "पुढच्या निर्मात्याला दाखवायला नको?"