नवशिक्यांसाठी लेचवर्थ

न्यू जर्सीत चार मराठी कुटुंबं जमली की मार्चमध्ये कोणीतरी म्हणतंच, "या उन्हाळ्यात लेचवर्थला कॅम्पिंग करू या!" पहिली चूक इथेच होते. न्यूयॉर्क राज्याच्या उद्यानांतल्या तंबूच्या जागांचं आरक्षण ९ महिने आधी सुरू होतं. म्हणजे जुलैतला शनिवार-रविवार हवा असेल, तर हा उत्साह कोजागरीच्या आसपास यायला हवा. मार्चमध्ये उरलीच तर स्वच्छतागृहाला लागून असलेली जागा उरते. ती बिनतक्रार घ्या. रात्री दोन वाजता सगळे तुम्हाला दुवा देतील.

आता नकाशा. जेनेसी नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, त्यामुळे कागदावर 'अपर फॉल्स' खाली दिसतो आणि 'लोअर फॉल्स' वर. एखादे काका नकाशा उलटा धरतील. धरू द्या, त्यांचंच बरोबर आहे. उद्यान १७ मैल लांब आणि चिंचोळं. तंबूंचं हायबँक्स उत्तर टोकाला, तिन्ही मोठे धबधबे दक्षिण टोकाला. 'सकाळी उठून चालत धबधब्यावर जाऊ' म्हणणाऱ्याच्या हातात प्रेमाने गाडीची किल्ली ठेवा.

हायबँक्सला तंबूपाशी वीज मिळते. ही बातमी ग्रुपवर कळवू नका. कळवलीत तर राइस कुकर येईल, त्याच्या मागोमाग मिक्सर, आणि पहाटेच्या पक्ष्यांआधी चटणीचा आवाज जंगलभर घुमेल. रात्री १० ते सकाळी ७ शांतता पाळायची असते. अंताक्षरी 'ह' वर अडकली असली तरीही. उरलेलं श्रीखंड गाडीत ठेवा, टेबलावर नाही. रॅकूनला डब्याचं झाकण उघडता येतं आणि त्याला उपास नसतो.

लाकडं मात्र घरून नेऊ नका. प्रक्रिया न केलेलं सरपण ५० मैलांपलीकडे न्यायला राज्यात बंदी आहे, कारण ॲशची झाडं पोखरणारी कीड त्यातूनच गावोगाव फिरते. "सरपण विकत घ्यायचं?" असं भारतातून आलेल्या सासूबाई विचारतील. उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका, काडेपेटी शोधा.

गॉर्ज ट्रेल ७ मैलांचा आहे, तोही एका दिशेने. 'पुण्यात दर रविवारी सिंहगड चढायचो' म्हणणारा प्रत्येक गटात एक असतोच. त्याला पुढे पाठवा आणि गाडी घेऊन दुसऱ्या टोकाला थांबा. इतरांना लोअर फॉल्सच्या १२७ पायऱ्या पुरतात. उतरताना सगळे निसर्गावर बोलतात, चढताना गुडघ्यांवर. मिडल फॉल्स १०७ फुटांचा आणि गाडीतळाजवळ; सगळ्यांचे फोटो तिथलेच का असतात, हे वेगळं सांगायला नको. एकच गोष्ट गंभीरपणे सांगतो: दरीचे कडे ठिकठिकाणी ६०० फुटांच्या घरात आहेत आणि खडक ठिसूळ आहे. कठडा ओलांडून फोटो काढायचा नाही. परतल्यावर पोटऱ्या, मांड्या, मुलांच्या कानामागे गोचीड बघायची.

पाऊस आला आणि तंबू गळायला लागला, तर लाजू नका. ही दरी ज्याने राखली, तो बफलोचा उद्योगपती विल्यम प्रायर लेचवर्थ इथे तंबूत राहिला नाही. १८५९ मध्ये त्याने जागा घेतली, १९०६ मध्ये ती राज्याला देऊन टाकली, पण हयातीपर्यंत राहण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. मिडल फॉल्सच्या माथ्यावरचं त्याचं 'ग्लेन आयरिस' आज हॉटेल आहे. खोली आधीच बघून ठेवा, आणि ग्रुपवर तेही सांगू नका.