ज्ञान फुकट, शिक्का विकत

ज्या प्राध्यापकासमोर बसायला कोटाची वारी करून जेईई पार करावी लागते, तोच प्राध्यापक आता हिंगोलीच्या एसटी स्टँडवर पोराच्या मोबाइलमध्ये शिकवतो. तेही फुकट. त्याला मध्येच थांबवता येतं, कळलं नाही तर मागे नेता येतं आणि कळून घ्यायचंच नसेल तर दुप्पट वेगाने पळवताही येतं. आयआयटी आणि बेंगळुरूच्या आयआयएससीने २००३ साली एनपीटीईएल हा ऑनलाइन शिकवणीचा उपक्रम सुरू केला. पुढे जुलै २०१७मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन कोर्सच्या मंचाचं उद्घाटन झालं. शिकवण्याचा प्रश्न असा जवळपास निकालात निघाला. आता पोरगं शिकलं हे विद्यापीठाने मान्य करायचं, एवढंच बाकी होतं.

तिथेच सगळं अडलं.

यूजीसीची यात चूक नाही. २०१६च्या नियमांत तिने सत्रातल्या २० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वर शिकायला परवानगी दिली आणि २०२१मध्ये ती मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. चाळीसच का, असं विचारू नये. सगळेच विषय मोबाइलवर गेले तर ७५ टक्के हजेरी कोणाची लावायची? असं मिळवलेलं क्रेडिट विद्यापीठाने नाकारायचं नाही, असंही नियमात आहे. म्हणून कोणी नाकारत नाही. 'समकक्षता तपासून कळवतो' एवढंच म्हणतात.

समकक्षता तपासायला अभ्यास मंडळ बसतं. कॉलेजचा पेपर चार क्रेडिटचा, एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा कोर्स तीन क्रेडिटचा. मग उरलेलं एक क्रेडिट कुठून आणायचं, यावर चहाच्या दोन फेऱ्या होतात. कोर्समध्ये आहे ते सिलॅबसमध्ये नाही, हे एका सदस्याच्या लक्षात येतं. कोर्स नवा आहे आणि सिलॅबस जुना, हे सगळ्यांच्याच लक्षात येतं. पण ते इतिवृत्तात येत नाही. मग विषय विद्वत परिषदेकडे जातो. तोवर सत्र संपतं आणि विद्यार्थ्याने तोच विषय खबरदारी म्हणून कॉलेजातही दिलेला असतो. त्यात केटी लागलेली असते, ही गोष्ट निराळी.

परीक्षेची व्यवस्था मात्र चोख आहे. शंभरातले २५ गुण दर आठवड्याच्या असाइनमेंटचे आणि ७५ केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे. शिकणं घरी, पण परीक्षा पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि शुल्क भरून. यात गैर काही नाही, कारण त्या २५ गुणांची उत्तरं मुदत संपायच्या आत टेलिग्रामवर सापडतात, तीही फुकट. ज्ञानाचा प्रसार कसा करावा हे सरकारने या ग्रुपच्या अ‍ॅडमिनकडून शिकावं. साठ गुण मिळाले की प्रमाणपत्रावर 'एलिट' उमटतं. आपल्याकडे साठ टक्क्यांना नुसतं फर्स्ट क्लास म्हणायचे आणि पेढेसुद्धा मोजून वाटायचे.

शिक्षकांचीही सोय आहे. आठ आठवड्यांचा कोर्स केला की एक एफडीपी, म्हणजे फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्राम, बारा आठवड्यांचा केला की दीड. उरलेली अर्धी एफडीपी मिळवायला प्राध्यापक पुढच्या सत्रात चार आठवड्यांचा आणखी एक कोर्स घेतात. मग स्टाफरूममध्ये प्राध्यापक आणि मागच्या बाकावर विद्यार्थी एकाच आठवड्याच्या असाइनमेंटची उत्तरं शोधत असतात. गुरू-शिष्यांमधलं अंतर इतकं कधीच कमी झालं नव्हतं.

फुकट कोर्सचं क्रेडिट खपवणं अमेरिकेला मात्र जमलं नाही. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या ग्लोबल कॅम्पसने २०१२मध्ये जाहीर केलं, की युडासिटी या ऑनलाइन कंपनीचा संगणकशास्त्राचा फुकट कोर्स करा, ८९ डॉलर भरून परीक्षा द्या आणि क्रेडिट घ्या. तेवढ्याच क्रेडिटला विद्यापीठात हजाराहून जास्त डॉलर लागत होते. वर्षभर खिडकी उघडी राहिली. एकही विद्यार्थी आला नाही. फुकट शिकणाऱ्यांत पदवी आधीच खिशात असलेले बरेच होते, त्यांना क्रेडिट हवंच कशाला? आपल्याकडे अशी नामुष्की यायची नाही. 'प्रत्येकाने किमान एक कोर्स नोंदवावा, अन्यथा हॉल तिकीट मिळणार नाही' असं एक सर्क्युलर लावलं, की ज्ञानाची भूक दुपारपर्यंत जागी होते.

एवढं करून हाती आलेलं क्रेडिट ठेवायला २०२१मध्ये अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सही सुरू झाली. खाते क्रमांक बारा आकडी. ठेव साधारण सात वर्षं टिकते, व्याज नाही. खातं उघडताना आधारवर नाव आधी आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, एवढी एकच अडचण येते. तिच्यापायी सेतू केंद्रात जाणं होतं.

प्रमाणपत्रावर क्यूआर कोड असतो. तो मोबाइलने स्कॅन केला की खरं-खोटं तिथल्या तिथे कळतं. परीक्षा विभाग तो स्कॅन करत नाही. त्याला प्रमाणपत्राची झेरॉक्स लागते, दोन प्रतींत, प्राचार्यांच्या सहीशिक्क्यानिशी. आणि प्राचार्य नॅकच्या मीटिंगला गेलेले असतात.